कालाकोटचे न फोडलेले दगड



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. म्हणून आज एका प्राण्याबद्दल बोलावं असं मी ठरवलं. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसेल. शाळेत जाणाऱ्या कुठल्याही मुलाला चार-पाच डायनोसॉर सहज सांगता येतात, पण आपल्याच देशात सापडलेला, जगभरच्या पुराजीवशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसलेला हा प्राणी आपल्याला परका आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि आजची तासाभराची खटपट त्यासाठीच आहे.

त्याचं नाव इंडोहायस. मांजराहून थोडा मोठा, काटकुळ्या पायांचा, लांबट तोंडाचा, खुरांचा सस्तन प्राणी. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी तो आजच्या जम्मूच्या डोंगराळ भागात राहत होता. तेव्हा तिथे डोंगर नव्हते. हा एवढासा खुरवाला प्राणी देवमाशाचा अगदी जवळचा नातलग आहे. इतका जवळचा, की देवमाशांचं घराणं आणि त्याचं घराणं एकाच घराच्या दोन खोल्या म्हणाव्यात. खुरवाल्यांच्या कुळातून समुद्रात जाणारे निघाले कसे, याचं उत्तर या प्राण्याच्या हाडांत होतं. हाडं सापडून नाव मिळालं १९७१ मध्ये. उत्तर मिळालं २००७ मध्ये. मधल्या छत्तीस वर्षांत ती हाडं कुठे होती, हेही मला तुम्हाला सांगायचं आहे.

आधी देवमाशाचं कोडं समजून घेऊ. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर निळा देवमासा लागला होता, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. बेचाळीस फुटांचं ते धूड बघायला रायगड जिल्ह्यातून माणसं लोटली. माशासारखं शरीर, माशासारखी शेपटी. पण त्याला फुप्फुसं होती, तो हवेत श्वास घेत होता, त्याचं रक्त गरम होतं. देवमाशाची मादी पिल्लाला दूध पाजते. मासा शेपूट डावीउजवीकडे हलवतो, देवमासा वरखाली हलवतो. कारण त्याचा कणा पळणाऱ्या चतुष्पादाच्या कण्यासारखा वाकतो. कोकणात ज्याला गादा म्हणतात तो डॉल्फिनही याच कुळातला. त्याच्या गर्भात पहिल्या काही आठवड्यांत मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि मग विरून जातात. मोठ्या देवमाशाच्या मांसात ओटीपोटाच्या हाडांचे तुकडे कण्यापासून सुटे, तरंगत राहिलेले सापडतात. इजिप्तच्या वाळवंटात, वादी अल्-हितान या खोऱ्यात, बॅसिलोसॉरस नावाच्या प्राचीन देवमाशाचे सांगाडे आहेत. त्या प्रचंड शरीराला गुडघा, घोटा, बोटं असलेले इवलेसे मागचे पाय होते. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा देवमासे जमिनीवरून समुद्रात गेले, याबद्दल शंका उरली नव्हती. प्रश्न होता तो कोण गेलं हा.

डार्विनने १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत पाण्यात तोंड उघडं ठेवून पोहणाऱ्या अस्वलाचा दाखला दिला होता. लोकांनी टर उडवली तेव्हा पुढच्या आवृत्त्यांत त्याने तो आवरता घेतला. १८८३ मध्ये विल्यम फ्लॉवर नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञाने लंडनमध्ये एक सार्वजनिक व्याख्यान दिलं आणि देवमाशांचं नातं खुरवाल्या प्राण्यांशी असावं असं सुचवलं. आजच्यासारखंच ते एक व्याख्यान होतं, समोर सामान्य श्रोते होते, आणि त्यात सांगितलेली गोष्ट पुढे सव्वाशे वर्षांनी खरी ठरली. १९५० मध्ये रक्तातल्या प्रथिनांची तुलना करून दोन अमेरिकी संशोधकांनी देवमासे गाय-हरिणांच्या गटाला जवळचे असल्याचं दाखवलं. पण हाडांचे अभ्यासक ते मानायला तयार नव्हते. १९६६ पासून त्यांचा भर मेसोनिकिड या गटावर होता. खूर असलेले, तरी मांस खाणारे, लांडग्याच्या ठेवणीचे ते प्राणी. त्यांचे दात जुन्या देवमाशांच्या दातांसारखे दिसायचे, आणि दातांचा पुरावा तेव्हा सर्वांत मोठा मानला जात होता.

मग १९९० च्या दशकात डीएनए वाचता येऊ लागला. जिवंत प्राण्यांमध्ये देवमाशाला सर्वांत जवळचा पाणघोडा, असं उत्तर पुन्हा पुन्हा येऊ लागलं. प्रयोगशाळा एक बोलत होती, संग्रहालयातली हाडं दुसरंच.

हा वाद मिटवणारं हाड माझ्यासमोर टेबलावर आहे. काल खाटकाकडून मागून घेतलं, उकळून स्वच्छ केलं. बोकडाच्या मागच्या पायाच्या घोट्याचं हाड. पुढच्या रांगेपासून हातोहात फिरवा, म्हणजे मी काय म्हणतो ते बोटांना कळेल. त्याच्या वरच्या टोकाला खोबण आहे, बघा. कप्पीवर दोरासाठी असते तशी. नडगीचं हाड त्या खोबणीत मागेपुढे फिरतं. आता हाड उलटं करा. खालच्या टोकालाही तशीच खोबण आहे. कुत्र्याच्या, मांजराच्या, घोड्याच्या घोट्यात खोबण फक्त वर असते. खालचं टोक कुत्र्यामांजरांत गोलसर, घोड्यात सपाटसर. दोन्ही बाजूंना खोबण असलेलं हे हाड जगात फक्त समखुरी प्राण्यांना असतं: गाय, म्हैस, बकरी, हरीण, उंट, डुक्कर, पाणघोडा. या हाडामुळे घोटा दोन ठिकाणी वाकतो आणि पाय आडवा न लचकता सरळ पुढेमागे फेकला जातो. जिवंत देवमाशाला मागचा पायच नाही, त्यामुळे त्याच्या घोट्याची परीक्षा घ्यायला लाखो नव्हे, कोट्यवधी वर्षं मागे जावं लागतं.

२००१ च्या सप्टेंबरमध्ये, एकाच आठवड्यात, दोन गटांनी दोन वेगवेगळ्या नियतकालिकांत ती परीक्षा प्रसिद्ध केली. फिलिप गिंगरिच यांना बलुचिस्तानात जुन्या देवमाशांचे घोटे मिळाले होते, हान्स थेविसन यांना पाकिस्तानातल्याच काला चिट्टा टेकड्यांत. दोन्हीकडे हाड हेच. वर खोबण, खाली खोबण. गिंगरिच स्वतः त्याआधी मेसोनिकिडांच्या बाजूचे होते. हाड हातात आल्यावर त्यांनी मत बदललं आणि तसं छापून सांगितलं. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

म्हणजे देवमासा समखुरी ठरला. तरी दुसरा प्रश्न उरलाच. पाकिसेटससारखे पहिले देवमासे निम्मे पाण्यात राहणारे, मांस खाणारे होते. त्यांच्या आधीचा, पाण्याच्या काठावरचा, अजून देवमासा न झालेला नातलग कसा होता? तो पाण्यात का उतरला? अन्नासाठी, असंच सगळे धरून चालले होते. मासे पकडायला कुणी शिकारी पाण्यात शिरला, शिकार चांगली मिळाली, आणि हळूहळू तिथलाच झाला. ऐकायला पटण्यासारखं होतं.

आता कालाकोटकडे वळू. जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातलं हे गाव. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, आणि ताबारेषा फार लांब नाही. भारताचा भूखंड आशियाला येऊन भिडत होता, त्या काळात या जागी टेथिस नावाचा समुद्र आटत आटत मागे सरत होता. काठावर उथळ खाड्या, नद्यांची मुखं, चिखलाची मैदानं. त्या चिखलाचे पुढे दगड झाले, टकरीत वाकले, उचलले गेले आणि हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांत सामील झाले. भूशास्त्रात त्यांना सुबाथू गट म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात त्या काळातली हाडं शोधून उपयोग नाही. आपली बहुतेक जमीन त्याच्याही आधी, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास, लाव्ह्याखाली गाडली गेली होती, आणि काळ्या बेसाल्टवर तेव्हाचा हाडं जपणारा गाळ साचून राहिला नाही. ती हाडं मला कच्छमध्ये शोधावी लागतात, हिमाचलमध्ये, जम्मूमध्ये. भूशास्त्राच्या माणसाला घर सोडावंच लागतं.

ए. रंगा राव तेल आणि नैसर्गिक वायू आयोगात, म्हणजे ओएनजीसीत, भूशास्त्रज्ञ होते. डेहराडूनला त्यांचं काम होतं. तेल शोधणाऱ्याला थरांचं वय कळावं लागतं, आणि वय कळायला जीवाश्म लागतात. नोकरीचा हेतू तेवढाच होता, पण रंगा रावांचा जीव हाडांत रमला. कालाकोटजवळ सिंदखटुटी नावाच्या जागी त्यांना एक थर सापडला. त्या थरात हाडं खचाखच भरलेली होती. एकावर एक, आडवीतिडवी, सांध्यांतून सुटलेली. पाण्याने कुठून तरी वाहून आणून एकत्र टाकलेली असावीत. त्यांनी दगड गोळा केले. काही दात आणि जबड्याचे तुकडे बाहेर काढता आले, त्यावरून १९७१ मध्ये त्यांनी भूशास्त्रीय नियतकालिकात नव्या प्रजातीचं वर्णन केलं आणि इंडोहायस हे नाव दिलं. दातांवरून त्यांना तो डुकराच्या धाटणीचा समखुरी वाटला. तेवढ्या पुराव्यावर दुसरं कुणी वेगळं काही म्हटलंही नसतं.

बाकीचे दगड तसेच राहिले. हा दगड फार कठीण. त्यातून हाड न मोडता काढायचं म्हणजे बारीक अवजारांनी कणाकणाने कोरायचं. एकेका कवटीला महिने जातात. नोकरी सांभाळून एकट्या माणसाला ते जमणारं नव्हतं. रंगा राव गेले तेव्हा न फोडलेल्या दगडांचा मोठा साठा मागे उरला.

तो साठा त्यांच्या पत्नीने सांभाळला. फ्रीडलिंडे ओबरगफेल या जर्मनीतून आलेल्या, स्वतः पुराजीवशास्त्रज्ञ होत्या. जुन्या हरिणांच्या दातांवर त्यांचं काम होतं, आणि कालाकोटच्याच एका खुरवाल्या प्राण्यावर नवऱ्याबरोबर त्यांचा शोधनिबंध आहे. नवऱ्यानंतर डेहराडूनमध्ये त्या दगडांसकट राहिल्या. आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याच्या पुस्तकांचं, कागदांचं काय होतं हे इथल्या वाचनालयाच्या लोकांना मी सांगायला नको. हे तर दगड होते. घर अडवणारे, दिसायला कुठल्याही दगडासारखे. ते टाकून द्यावेत असं सांगणारं कुणी ना कुणी भेटलंच असेल. त्यांनी टाकले नाहीत. कोणता दगड कुठला हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांचं मोल कळणाऱ्या माणसाची त्या वाट पाहत राहिल्या. हान्स थेविसन त्यांना भेटायला गेले ते याच दगडांसाठी, आणि पुढे ते त्यांच्या हाती आले.

अमेरिकेत ओहायोच्या वैद्यकीय महाविद्यालयात थेविसन यांच्या प्रयोगशाळेत दगड कोरायला सुरुवात झाली. कवट्या निघाल्या, पायांची हाडं निघाली. नाव असलेल्या पण शरीर नसलेल्या प्राण्याला शरीर मिळत गेलं. एक दिवस कवटी साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून कानाकडचा तुकडा मोडला. एरवी हा मोठा अपघात. पण तुकडा मोडला म्हणून आतली बाजू उघडी पडली, आणि थेविसन यांनी ती पाहिली.

सस्तन प्राण्याच्या कवटीखाली, कानाच्या पडद्याला लागून, हाडाची एक पोकळ डबी असते. माणसात ती वेगळी कळून येत नाही, मांजराच्या कवटीत अगदी टपोरी दिसते. तिच्या भिंती सगळीकडून सारख्या पातळ असतात. देवमाशांमध्ये मात्र या डबीची आतली कड, कवटीच्या मध्यरेषेकडची, एकदम जाड आणि भरीव असते. तिला इन्व्होल्युक्रम म्हणतात. प्रत्येक देवमाशात ती असते. आजच्या निळ्या देवमाशात, गाद्यात, आणि पाकिसेटसमध्येही. चार पाय असलेल्या, कुत्र्याएवढ्या पाकिसेटसला १९८१ मध्ये देवमासा म्हणून ओळखलं गेलं ते मुख्यतः कानाच्या याच भागावरून. देवमासा कोण आणि कोण नाही, हे ठरवायचं ते लक्षण होतं. दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात ते पाहिलं गेलं नव्हतं.

मोडलेल्या तुकड्यात तीच जाड कड होती. हरिणासारखे पाय, डुकरासारख्या समजलेल्या दाढा आणि देवमाशाचा कान.

ज्या दगडांकडे पाहून तीस वर्षं कुणालाही काही वाटलं नसतं, त्यांतल्या एकाच्या आत हे होतं. या क्षणाचा विचार करताना मला अजूनही भरून येतं.

एका लक्षणावर नातं ठरवायचं नसतं, म्हणून त्यांनी पुढची हाडं तपासली. पुढचे दात समखुरी प्राण्यांत ओठांच्या वळणाने आडवे लागलेले असतात. इंडोहायसमध्ये ते जुन्या देवमाशांसारखे पुढून मागे, एका रांगेत होते. दाढांच्या पुढच्या दातांचा आकारही जुन्या देवमाशांकडे झुकलेला. मग पायांची हाडं कापून पाहिली. जमिनीवर पळणाऱ्या प्राण्याचं लांब हाड आत पोकळ असतं. भिंत बेताची, मधली जागा मज्जेची. हाड हलकं हवं, पळायचं असतं. इंडोहायसच्या हाडाची भिंत जाड निघाली, मधली पोकळी आक्रसलेली. अशी जड हाडं कुणाची असतात? पाणघोड्याची. पाण्यात वावरणाऱ्या प्राण्याची. फुप्फुसात हवा असली की शरीर वर उचललं जातं. तळावर पाय टेकून चालायचं तर वजन लागतं. इंडोहायस सुळसुळीत पोहणारा नव्हता. त्याचे पाय वल्ह्यासारखे झालेले नव्हते. तो उथळ पाण्यात तळाला पाय लावून चालत असावा.

तिसरी साक्ष दातांच्या रसायनाची. ती थोडी संथपणे सांगतो, कारण मला ती सगळ्यांत सुंदर वाटते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन असतो, आणि त्याचे हलके नि जड असे दोन प्रकार निसर्गात सापडतात. हलक्याचं पाणी लवकर वाफ होऊन जातं. जमिनीवरचा प्राणी घामातून, श्वासातून पाणी गमावत राहतो, शिवाय तो खातो त्या पानांतलं पाणीही उन्हाने वाफ होऊन जड झालेलं असतं. म्हणून त्याच्या शरीरात जड ऑक्सिजनचा वाटा वाढतो. जो प्राणी बराच वेळ पाण्यात असतो त्याच्या शरीरातलं पाणी भोवतीच्या नदीच्या पाण्याशी जुळतं राहतं, म्हणजे तुलनेने हलकं. दाताचं लुकण बनतं तेव्हा त्या वेळच्या शरीरातल्या पाण्याची नोंद त्यात पक्की होते, आणि लुकण इतकं चिवट असतं की पाच कोटी वर्षांनीही ती वाचता येते. इंडोहायसच्या दाढांत जड ऑक्सिजनचा वाटा कमी निघाला, पाण्यात राहणाऱ्या जुन्या देवमाशांच्या बरोबरीने. तो पाण्यात बराच वेळ असायचा, हे दुसऱ्या वाटेने सिद्ध झालं.

त्याच लुकणात कार्बनही असतो, आणि कार्बन खाण्यातून येतो. इथे मात्र इंडोहायस जुन्या देवमाशांपासून वेगळा निघाला. पाण्यातलं अन्न खाणाऱ्या पाकिसेटसच्या कार्बनशी त्याचा कार्बन जुळत नव्हता. जमिनीवर चरणाऱ्यांशी जुळत होता.

हे दोन निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून पाहा. राहणं पाण्यात, खाणं जमिनीवर. मासे पकडायला पाण्यात गेलेल्या शिकाऱ्याची गोष्ट इथे कोसळते. देवमाशांच्या घराण्याच्या दारात जो उभा आहे तो शिकारी नव्हता. तो शिकाऱ्यांचं भक्ष्य होता. त्याला पाणी हवं होतं ते लपायला. अन्न जमिनीवर, आसरा पाण्यात. मांस आणि मासे पुढे त्याच्या भाऊबंदांच्या वाट्याला आले, आधी पाण्यात राहायची सवय लागली म्हणून. सवय आधी बदलली, हाडं जड व्हायला लागली, कान बदलला. पायांचं वल्हं, नाकपुड्यांचं डोक्यावर सरकणं, मागच्या पायांचं जाणं हे सगळं मागाहून, कित्येक लाख वर्षांनी.

हा शोधनिबंध २० डिसेंबर २००७ रोजी 'नेचर'मध्ये आला. थेविसन यांच्याबरोबर लिसा कूपर आणि मार्क क्लेमेंट्झ, आणि आपले दोन संशोधक, रुरकीच्या आयआयटीतले सुनील बाजपेयी आणि डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतले बी. एन. तिवारी. कच्छच्या देवमाशांवरचं बाजपेयींचं कामही मोठं आहे. त्यावर कधी वेगळं व्याख्यान व्हावं.

घाबरून पाण्यात शिरणारा खुरवाला प्राणी आज कुठे दिसतो का? दिसतो. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या जंगलात एक छोटं, शिंगं नसलेलं पाणहरीण आहे. ते फळं-पानं खातं, जमिनीवरच. गरुडाची सावली पडली की थेट ओढ्यात उडी घेतं, पाण्याखाली जातं आणि तळावरून चालत दूर निघतं. त्याच कुळातलं आपलं पिसोरी हरीण. सह्याद्रीच्या दाट रानात राहणारं, तीन-चार किलोंचं, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या आणि पट्ट्यांच्या ओळी असलेलं, भेकरापेक्षाही लहान. नराच्या वरच्या जबड्यातून सुळे बाहेर येतात. कोकणात, घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी क्वचित ते संधिप्रकाशात झुडपाखाली शिरताना पाहिलं असेल. पिसोरीच्या श्रीलंकेतल्या सख्ख्या नातलगाने मुंगूस मागे लागल्यावर तळ्यात बुडी मारून जीव वाचवल्याची नोंद आहे, बोर्निओच्या जातीबद्दलही तशाच नोंदी आहेत. पिसोरी हा देवमाशाचा जवळचा नातलग नाही, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर उद्या तसं छापून यायचं. पण एवढ्याशा देहाचा, शिंगं नसलेला, पळण्यापेक्षा लपण्यावर भरवसा ठेवणारा प्राणी पाण्याचा उपयोग कसा करतो, हे त्याच्या कुळाकडे पाहून कळतं. इंडोहायस मनात उभा करायचा तर मी पिसोरीपासून सुरुवात करतो.

आणखी एक खुलासा केला पाहिजे. इंडोहायस देवमाशांचा पूर्वज आहे असं वर्तमानपत्रांत छापून आलं. ते बरोबर नाही. पाकिस्तानातला पाकिसेटस इंडोहायसच्याच काळातला, किंचित आधीचाच. नातवाच्या नंतर जन्मलेला आजोबा कसा होईल? इंडोहायसचं कूळ रावेलिड, आणि ते देवमाशांचं भावंड-कूळ. दोघांचा पूर्वज एक, थोडा आधीचा, आणि तो कसा असेल याचा अंदाज दोघांच्या सारख्या लक्षणांवरून बांधता येतो. जाड कानाची कड आणि पाण्याची ओढ दोघांत आहे, म्हणजे ती बहुधा त्या पूर्वजातही होती. २००७ च्या निबंधात पाणघोड्याला जरा लांब ढकललं होतं. त्यावर वाद झाला, आणि २००९ मध्ये इतर संशोधकांनी डीएनए आणि हाडं दोन्ही एकत्र धरून दाखवलं की जिवंत प्राण्यांत पाणघोडाच देवमाशाला जवळचा, आणि नष्ट झालेल्यांत रावेलिड. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. कामही थांबलेलं नाही. राजौरीच्या त्याच थरांतून २०२१ मध्ये रावेलिड कुळातला आणखी एक प्राणी प्रसिद्ध झाला, त्याचं नाव राजौरिया. त्याच वर्षी इंडोहायसच्या कवटीतल्या पोकळीवरून त्याच्या मेंदूचा आकार अभ्यासला गेला.

आता शेवटचा मुद्दा, आणि त्यावर मी थोडा आग्रहाने बोलणार आहे. या कथेत ज्यांच्यामुळे सगळं घडलं ते लोक तुम्ही मोजा. दगड उचलून आणणारा तेल आयोगातला अधिकारी. ते सांभाळणारी त्याची पत्नी. कोरणारा तंत्रज्ञ, ज्याचं नाव कुठल्याही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येत नाही. शोध लागला त्या दिवसाचं श्रेय आपण देतो, पण मधली छत्तीस वर्षं ज्यांनी सांभाळली त्यांचं खातं आपल्याकडे उघडलेलंच नाही. हे दगड एका घरात टिकले, हा योगायोग होता. एका बाईच्या निष्ठेवर देशाचा एवढा मोठा ठेवा अवलंबून राहावा, हे मला पटत नाही. जीवाश्मांच्या आणि भूवारशाच्या जपणुकीसाठी कायद्याचा मसुदा २०२२ च्या डिसेंबरमध्ये लोकांसमोर आला. सगळे अधिकार एका सरकारी खात्याकडे जातील म्हणून अनेक अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले, आणि त्यांत तथ्य आहे. पण कायदा काहीही होवो, नमुना नोंदवून, कोरडा, उंदरांपासून, पावसापासून जपून ठेवणारी माणसं आणि खोल्या लागतील. विद्यापीठांच्या संग्रहांत त्यांच्यासाठी पगाराची पदं लागतील. तंत्रज्ञ शिकवावे लागतील. संग्रहालयाची इमारत उभी करायला पुढारी मिळतात. तिथल्या तळघरातल्या कपाटांना चिठ्ठ्या लावणारा माणूस नेमायला मिळत नाही, आणि माझ्या मते पहिली गरज त्याची आहे.

आपल्या भागात इंडोहायस मिळणार नाही, हे मी आधीच सांगितलं. पण गोदावरी, मांजरा यांच्या काठच्या जुन्या गाळातून हत्तीची, रानबैलाची हाडं निघाली आहेत, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ती अभ्यासली आहेत. नर्मदेच्या गाळात तर पाणघोड्याची हाडं आहेत. देवमाशाचा तो जिवंत नातलग कधी काळी आपल्या शेजारी राहत होता. ती हाडं बहुतेकदा आधी कुणाला दिसतात? वाळू उपसणाऱ्याला, विहीर खणणाऱ्याला, गुरं घेऊन नदीत उतरलेल्या पोराला. म्हणून एवढं सांगून ठेवतो, आणि शाळेतल्या शिक्षकांनी हे वर्गात सांगावं. गाळात दगडासारखं जड हाड दिसलं तर ते उपटू नका. आधी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवून. जागा मोबाइलवर टिपून ठेवा. हाड सुटं पडलेलं असेल आणि पुरात वाहून जाण्यासारखं असेल तरच उचला. धुऊ नका, खरवडू नका, चिकटलेली माती तशीच राहू द्या, कारण वयाचा पुरावा त्या मातीतही असतो. वर्तमानपत्रात गुंडाळा, आत तारीख, गाव आणि ओढ्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी टाका, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. तिथून उत्तर आलं नाही तर डेक्कन कॉलेजला लिहा. तेही लांबलं तर हाड तुमच्या या वाचनालयात आणून द्या. अध्यक्षांशी मी बोललो आहे, एक कपाट त्यासाठी मोकळं करायला त्यांची तयारी आहे. फिरवलेलं बोकडाचं हाडही त्याच कपाटात पहिली वस्तू म्हणून ठेवून जातो.